पट्टकी, अपट्टकी आणि खैरनार सर

खैरनार सर पीत नव्हते.

हे वाक्य मी मागच्या आठवड्यात आमच्या शिक्षकखोलीत मोठ्याने म्हणालो. नव्याने लागलेल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेतलं कपाट आवरत होत्या. त्यात त्यांना काचपट्ट्यांची एक लाकडी पेटी सापडली. प्रत्येक काचेला बारीक, टोकदार अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. त्यांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं हो?" चित्रकलेचे सर वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "खैरनारांचं. हुशार माणूस, पण बाटलीने खाल्ला." तेव्हा मी ते वाक्य म्हणालो. चित्रकलेच्या सरांनी मान वर केली, "असं?" म्हणाले, तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे आपापल्या तासाला गेले. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडायला दोन सेकंद लागले आणि त्याने कोणाचं काही हललं नाही. म्हणून आता लिहायला बसलोय.

आमची शाळा एकलहऱ्याच्या वाटेवर आहे. दहावी अ च्या खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. भास्कर खैरनार तिथे विज्ञान शिकवायचे, मी गणित. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मला एकेरीत 'निकम' म्हणायचे, लाडात आले की 'लेका'. मी त्यांना शेवटपर्यंत 'सर'च म्हणालो. अकरा वर्षं आम्ही जेल रोडहून शाळेपर्यंत एका स्कूटरवर गेलो. ते पुढे, मी मागे. माझं नाक त्यांच्या कॉलरपासून एक वीतभर अंतरावर. हे अंतर मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

माणूस बुटका, गोल, भक्कम. बागलाणातल्या खेड्यात तालमीत घुमलेला. मान अशी की डोकं कुठे संपलं आणि खांदे कुठे सुरू झाले, कळू नये. जिना चढताना एक पायरी सोडून एक. फळ्यावर आकृती काढायची तर आधी मनगट झटकणार, मग एका दमात अख्खा दंड काढणार, खांद्यापासून कोपरापर्यंत. मस्ती करणाऱ्या पोराला मारायचे नाहीत, पुढे बोलावून बेटकुळी काढायला लावायचे. पोरगं दंड फुगवून उभं राहिलं की सर वर्गाला सांगणार, "बघा, वरचा आवळलाय तेव्हा खालचा सैल पडलाय. दोघंही एकदम आवळले तर हात जागचा हलणार नाही. घरी आईबाबांचं भांडण झालं की बघा, असंच असतं." वर्ग हसायचा, पोराची शिक्षा संपायची.

वर्षातून एकदा त्यांचा सण असायचा. नववीला ऊतींचा धडा. 'पट्टकी' आणि 'अपट्टकी' हे शब्द उच्चारले की मुलं खिदळायची, आणि सर ते मुद्दाम चारचारदा उच्चारायचे.

"पट्टकी म्हणजे पट्टे असलेले स्नायू. हाडाला बांधलेले. तुमच्या हुकमाचे ताबेदार, म्हणून ऐच्छिक. ऊठ म्हटलं की उठतात, पण लेकाचे दमतात लवकर. आपल्या शाळेतले शिक्षक समजा. अपट्टकी म्हणजे शिपाई मामा. जठरात, आतड्यात, रक्ताच्या नळ्यांत. हळू चालतात, दिसत नाहीत, कोणी हाक मारत नाही. पण एक दिवस आले नाहीत तर शाळा बंद!"

"आणि हृदय, सर?"

"हां. हा तिसराच नग. याला पट्टे आहेत, दिसायला शिक्षकासारखा. पण हुकूम कोणाचाच ऐकत नाही. एकमेकांचे हात धरून उभ्या राहिलेल्या पेशी आहेत त्या. एक आकसली की शेजारची आकसते. विचारत नाही, थांबत नाही, रजा नाही."

एकदा त्यांना हे तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली खरंखुरं दाखवायचं होतं. शाळेत मटण आणायचं म्हणजे गहजब, म्हणून डब्यात लपवून. त्यांना सकाळी लवकर यायचं होतं, तेव्हा आणायचं काम माझ्या गळ्यात. आमच्या घरी मटण शिजत नाही. दुकानात उभं राहायचीही मला सवय नाही. सरांनी सांगितलेलं घोकत गेलो: मांडीचा तुकडा, वजडी म्हणजे जठर, आणि काळीज. डबा आणून दिला. सरांनी झाकण उघडलं, एक एक तुकडा काढला, तिसऱ्यावर थांबले.

"हे काय?"

"काळीज."

"लेका, हे यकृत आहे!"

"मी काळीजच मागितलं, सर. त्याने हेच दिलं."

ते टेबल धरून हसायला लागले. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, हृदय हवं असेल तर 'दिल' मागायचं असतं, हे मला कुठून ठाऊक? त्या दिवशी वर्गात त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं, "काळजाला लागलं, काळीज फाटलं, काळजाचा तुकडा. आयुष्यभर बोलतो आपण, आणि निकम सरांनी आणलं काय, तर पित्त करणारी ग्रंथी! मराठी माणसाला आपलं काळीज कुठे आहे ते दाखवता येत नाही." मग स्वतः स्कूटर काढून गेले आणि दिल घेऊन आले. त्याच्या काचपट्ट्या मागच्या आठवड्यापर्यंत कपाटात होत्या.

पिण्याचं सांगतो. त्यांचे वडील दारूने गेले. सर हे कधी गोष्टीसारखं सांगायचे नाहीत, पण खोकल्याचं औषध घेतानाही बाटली उजेडात धरून वाचायचे, त्यात काय काय घातलंय ते. एका वर्षी शिक्षकांची सहल द्राक्षाच्या मळ्यात गेली, तिथे वाइन कशी करतात ते दाखवतात आणि चाखायलाही देतात. नाशिकला आता त्याचं कोणाला काही वाटत नाही. सर आत आलेच नाहीत. दोन तास बसमध्ये ड्रायव्हरशेजारी भडंग खात बसले. आम्ही परत आलो तेव्हा चित्रकलेचे सर त्यांच्या तोंडाजवळ जाऊन "हाऽऽ" करायला लागले. सरांनी त्यांना इतक्या जोरात ढकललं की ते सीटवर पडले. सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "चेष्टा दुसरी कोणतीही करा." त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

म्हणजे मला माहीत होतं. इतर कोणापेक्षाही मला.

सुरुवात मुठीने झाली. त्या धड्याच्या शेवटी त्यांचा एक प्रयोग असायचा. सगळ्यांनी हात वर करायचा, मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. सर स्वतःही करायचे. चाळीस-पन्नासला पोरं "सर, दुखतंय" म्हणत हात खाली टाकायची, सर दीडशेपर्यंत जायचे आणि म्हणायचे, "हे आत कोणीतरी तुम्ही जन्मायच्या आधीपासून करतंय. आज घरी गेल्यावर त्याला नमस्कार करा." त्या वर्षी मी शेजारच्या वर्गात होतो. मुलं मोजत होती, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मग आवाज विस्कटला. मधल्या सुट्टीत सर माझ्यासमोर बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

"मिटत नाहीये रे."

"झोपेत अवघडला असेल."

"हे बघ." अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस गेलं होतं. तिथे खड्डा होता, वाटीसारखा. त्यांनी बाही वर केली. दंडावर कातडीच्या खाली काहीतरी लवत होतं, पाण्यात मासोळी वळावी तसं. थांबायचं, पुन्हा दुसरीकडे वळायचं.

मी म्हणालो, "उजवा दंड लवतोय, सर! शुभ शकुन. जूनमध्ये पर्यवेक्षक होणार तुम्ही."

जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठतेत पहिले खैरनार, दुसरा मी. ते माझ्याकडे बघत राहिले. जीवशास्त्राचा माणूस. त्यांना तेव्हाच काय दिसलं असेल ते मला आता कळतं. पण ते एवढंच म्हणाले, "शकुन लवत नाही लेका. मज्जातंतू लवतो."

त्यानंतरचे सात-आठ महिने डॉक्टरांत गेले. एकाने मणक्यात नस दबली सांगून वजनं बांधली. दुसऱ्याने सुया दिल्या. तिसऱ्याने घसा तपासला, कारण आता जीभ जड व्हायला लागली होती. 'पट्टकी' म्हणताना 'ट' लागायचा नाही. फळ्यावरची रेघ थरथरायची. एका सकाळी सिग्नलला स्कूटर थांबवताना त्यांचा पाय जमिनीला टेकला आणि दुमडला. आम्ही दोघं रस्त्यावर. मला काही लागलं नाही. सर उठायचा प्रयत्न करत होते, गुडघा दगा देत होता, आणि बोलायला गेले तर शब्द एकमेकांत मिसळत होते. टपरीवरचा माणूस हसून म्हणाला, "सकाळी सकाळीच लावली का मास्तरांनी?" आमच्या शाळेची दोन मुलं सायकलवरून बघत गेली. त्या दिवसापासून स्कूटर मी चालवायला लागलो आणि सर मागे बसायला लागले.

बातमी आमच्याआधी शाळेत पोहोचली होती.

मग ती शोकसभा. आमच्या एका निवृत्त शिक्षिका वारल्या. प्रांगणात सगळी शाळा उभी, दोन मिनिटं शांतता. आणि त्या शांततेत सर हसायला लागले. सुरुवातीला दबलेलं, मग मोठ्याने, खदाखदा. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड हसतंय. मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, चेहरा पांढरा पडला. कोणीतरी सरांना दंडाला धरून नेलं. मी मागोमाग गेलो. ते मुतारीच्या भिंतीला टेकून स्वतःच्या गालावर चापट्या मारत होते.

"थांबत नाहीये. निकम, मी हसत नाहीये रे, थांबतच नाहीये."

हे मी स्वतः ऐकलं. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात असं होतं, हसू-रडू मेंदूच्या हातातून सुटतं. पण ते पुढे. त्या दिवशी मी फक्त त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं, "माझं रक्त तपासा. आत्ता." म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. बाईंना दोनदा "काय?" विचारावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "सर, शाळा आहे ही, पोलीस ठाणं नाही. का शोभा करून घेता?"

सर बाहेर आले. वऱ्हांड्यात माझ्यासमोर उभे राहिले. ते गहिवरले की बागलाणातली भाषा यायची. "तू तरी सांग ना त्यास्ले," म्हणाले. "माल्हे बोलता येत नही. बोलनू की त्यास्ले आखो पटस."

बोललो की त्यांना आणखीच पटतं. त्यांची सगळी अडचण या वाक्यात होती. मी पीत नाही हे सांगायला तोंड उघडावं, आणि तोंड उघडलं की पिणाऱ्यासारखं ऐकू यावं. त्यांच्यासाठी बोलू शकेल असा शाळेत एकच माणूस होता.

त्या माणसाला मोठ्या बाईंनी चार दिवसांनी बोलावलं.

"दार लावा, निकम सर. बसा. तुम्ही रोज एका गाडीवर येता. मला खरं सांगा. घेतात ना ते?"

पंखा चालू होता. बाईंच्या शेजारी संस्थेचे चिटणीस बसले होते. मला 'नाही' म्हणायचं होतं. नाही, मॅडम, अकरा वर्षांत एकदाही नाही, माझं नाक त्यांच्या मानेमागे असतं. इतकं सोपं होतं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, मॅडम."

चिटणीस म्हणाले, "माहीत नाही म्हणजे नाही असं तर नाही ना?"

मी गप्प बसलो. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा आहे, सगळे तसंच म्हणतात, आणि त्या दिवशी मी त्या स्वभावाच्या मागे लपलो. बाईंनी कागदावर लिहिलं, 'सहकारी शिक्षकांनीही ठाम नकार दिलेला नाही.' मी खाली सही केली. मनात त्या क्षणी जूनचा विचार होता का? होता. तो विचार मी केला नाही, तो आपोआप आला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

त्यांना दोन रस्ते दिले गेले. चौकशी, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती. चौकशीत उभं राहून बोलावं लागणार होतं. सरांनी मला घरी बोलावलं. पेन धरता येत नव्हतं, म्हणून अर्ज मी लिहायचा. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी नमुन्यातून उतरवत होतो, '...कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने...' तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"स्वेच्छेने?" शब्द तुटत होते, पण हा मला स्पष्ट कळला.

"नमुनाच तसा आहे, सर."

"लिही." मग थोडा वेळ श्वास घेऊन, "शेवटचा ऐच्छिक... हाच उरलाय."

सही करायला त्यांना पेन बोटांत अडकवून द्यावं लागलं. हात सरकत होता. मी मनगट धरलं. 'भास्कर'मधला 'भा' त्यांचा आहे. पुढच्या अक्षरांत माझा जोर किती आहे ते मलाच माहीत.

निदान झालं ते नंतर तीन महिन्यांनी, गंगापूर रोडवरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे. मी सोबत होतो. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. ती बारीक बारीक थरथरत होती, चहावरच्या साईसारखी. त्यांनी समजावलं: स्नायूंना हुकूम नेणाऱ्या मज्जापेशी मरत चालल्यात. स्नायू बिचारे हुकमाची वाट बघत सुकतात. औषध नाही म्हणावं असंच.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सरांनी डॉक्टरांना विचारलं, दोनदा विचारावं लागलं, "आणि अपट्टकी?"

डॉक्टरांना आधी कळेना. मग ते खुर्चीत सरसावून बसले. "ते राहतात. आतडी, रक्तवाहिन्या. हृदयाला तर हात लागत नाही. डोळे फिरवणारे स्नायूही बहुतेक शेवटपर्यंत टिकतात. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मास्तर," सर म्हणाले. माझ्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. वहिनींना आता त्यांचं बोलणं माझ्याहून जास्त कळायला लागलं होतं, त्यांनी सांगितलं, "म्हणताहेत, शिक्षक गेले, शिपाई मामा राहणार."

परतताना वहिनींनी रिपोर्टची झेरॉक्स माझ्या हातात दिली. "भाऊजी, हा शाळेत दाखवा. आम्हाला नोकरी परत नको, काही नको. फक्त सगळ्यांसमोर एकदा सांगा की हे पीत नव्हते. त्यांना दुसरं काही लागलेलं नाही, एवढंच लागलंय."

त्याच आठवड्यात मला पर्यवेक्षकाचा आदेश मिळाला होता. रिपोर्ट दाखवला असता तर पहिला प्रश्न मला आला असता: मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात? मी झेरॉक्स पिशवीत ठेवली. पिशवीतून ती माझ्या खणात गेली. पुढच्या भेटीला वहिनींनी विचारलं, "दाखवला का?" मी म्हणालो, "हो."

"काय म्हणाले?"

"सगळ्यांना वाईट वाटलं."

सर माझ्याकडे बघत होते. बोलणं आता फार उरलं नव्हतं.

दोन वर्षं गेली. आधी पाय, मग मान, मग गिळणं. नाकातून नळी. ती तालमीतली मान उशीवर एका बाजूला पडलेली असायची. वहिनींनी बालवाडीतला जुना वर्णमालेचा तक्ता मिळवला, अ अननसाचा. काठीने एक एक अक्षर दाखवत जायचं. हवं ते अक्षर आलं की सर डोळे मिटायचे, मग त्या पुढचं अक्षर सुरू करायच्या. एक शब्द जुळायला पाच मिनिटं लागायची. पहिल्या दिवशी त्यांनी जुळवलेला शब्द, वहिनी कौतुकाने सांगायच्या, 'मीठ' होता. नळीतून जाणाऱ्या पेजेत मीठ घातलं का, हे त्यांना विचारायचं होतं.

शाळेतून त्यांना भेटायला कोणी आलं नाही. मी आठवड्यातून एकदा जायचो आणि प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगायचो. परीक्षा आहेत. तपासणी आहे. सगळे विचारतात तुम्हाला, सर. सगळे येणार आहेत.

ते गेले पौषात, पहाटे. छातीखालचा जो पडदा श्वास ओढतो तो पट्टकी असतो. तोही हुकमाचाच. ते मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

शाळेत शोकसभा झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "दीर्घ आजाराने." माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "लिव्हर." मी पहिल्या रांगेत होतो, पर्यवेक्षकाच्या जागी. रिपोर्ट त्या दिवशी मी खिशात घेऊन आलो होतो. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मी ती सगळ्यांच्या बरोबरीने पाळली. मग मुलं रांगेने वर्गात गेली आणि मीही गेलो.

पण मला ते शेवटचे दिसले ते जाण्याच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी. वहिनी खाली औषधवाल्याकडे गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. उन्हाचा एक पट्टा पलंगावर पडला होता. का कोण जाणे, त्या दिवशी मी सगळं सांगितलं. बंद दाराआड बाईंना काय म्हणालो ते, सही, जूनची जागा, खणातला रिपोर्ट. खाली मान घालून बोललो. वर पाहिलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, चेहऱ्याचे स्नायू केव्हाच गेले होते. फक्त डोळे.

वहिनी परत आल्या. सरांनी डोळे तक्त्याकडे नेले. वहिनी काठी घेऊन बसल्या.

मा. ही. त.

"माहीत?" वहिनींनी विचारलं.

हो. तं.

"माहीत होतं. काय माहीत होतं, अहो?"

त्यांनी पुन्हा डोळे तक्त्याकडे नेले. शा. ळे. त.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी म्हणालो, "सांगतो, सर. उद्याच सांगतो." ते तसेच तक्त्याकडे बघत होते. आणखी काहीतरी होतं.

"थांबा हं भाऊजी, अजून काही म्हणायचंय त्यांना."

मी उठलो. वहिनींना म्हणालो, घरी पाहुणे यायचेत, उशीर झाला. कोणी येणार नव्हतं. मला पुढचा शब्द ऐकायचा नव्हता. तो शिवी असता तरी, आणि क्षमा असती तरी. चपला घालताना दारातून मागे वळून पाहिलं. वहिनींची काठी 'क' च्या ओळीवर फिरत होती. सरांचे डोळे तक्त्यावर नव्हते. माझ्यावर होते.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी मी वहिनींना विचारलं, त्या दिवशी शेवटचं काय म्हणायचं होतं त्यांना?

"काय माहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर मी दोनदा अख्खा तक्ता फिरवला. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत. त्यांनी डोळे मिटलेच नाहीत."